गिऱ्हाईकाची नजर कोठे थांबते?

कापड दुकानात बसणाऱ्याला गिऱ्हाईकाची नजर ओळखता येते. हात एका ताग्यावर, डोळे मात्र वरच्या फळीकडे. आम्ही तोच तागा खाली काढतो. नागभीड-आरमोरीकडील कोशाची साडी आता वेबपेजवरही विकता येते. तेथे गिऱ्हाईक समोर नसते, न बोलता निघून जाते. त्याची नजर कळावी म्हणून नजरेचा माग घेणारे यंत्र वापरतात.

डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश डोळ्यावर सोडतात. त्याची चकाकी आणि बाहुलीचा मध्य कॅमेरा सेकंदाला कित्येकदा टिपतो. त्यावरून नजर पडद्यावर कोठे आहे, याचा हिशेब निघतो. वाचताना डोळा सरळ सरकत नाही. उडी मारतो, साधारण पाव सेकंद थांबतो, पुन्हा उडी मारतो.

जेकब नील्सन यांनी २००६ साली २३२ लोकांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. नजर वरच्या ओळीवरून आडवी जाते, थोडे खाली येऊन पुन्हा आडवी, पण कमी. मग डाव्या काठाने खाली उतरते. इंग्रजी ‘एफ’ अक्षरच म्हणा. शोभेच्या चित्रांकडे लोक बघत नाहीत, मालाचा खरा फोटो मात्र न्याहाळतात.

उर्दू उजवीकडून वाचली जाते, म्हणून तेथे हे अक्षर उलटते. मराठी पानाच्या साच्यात उर्दू मजकूर भरला, तर भाव आणि फोन नंबर नेमके नजर न जाणाऱ्या काठाला पडतात. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना हे चटकन खटकते; पान बनवणाऱ्या पोराला मात्र सांगावे लागते.

कोशाच्या बाबतीत तर यावर विणकराची मजुरी अवलंबून आहे. ऐनाच्या झाडावर पोसलेल्या किड्यांचा कोसा आणि नकली धाग्याची साडी लहान फोटोत सारखीच दिसते. खऱ्या धाग्याची जाडी कमी-जास्त असते, ती जवळून घेतलेल्या फोटोतच कळते. तो फोटो, भाव आणि असल्यास सिल्क मार्क अगदी वर हवा. मोठे बोधचिन्ह आणि स्वागताच्या ओळी खाली गेल्या तरी चालेल.

यंत्र परवडत नसेल तर शेजारच्या दुकानदाराला मोबाइलवर पान पाच सेकंद दाखवा आणि मोबाइल पालथा घाला. काय विकायला आहे, भाव किती, असे विचारा. भाव सांगता आला नाही, तर तो वर घ्या आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाला तरी दाखवा. एकदा पाहिलेल्या माणसाला जागा ठाऊक झालेली असते.