शेवट ठाऊक असलेल्या प्रेमकथा

व्हिक्टोरियन काळात घडणाऱ्या हलक्याफुलक्या प्रेमकादंबरीत नायक-नायिकेचे शेवटी जुळणार, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. उत्सुकता राहते ती जुळणार कसे याची. खटकेबाज संवाद, हजरजबाबी नायिका आणि गैरसमजांचा गुंता यांत या कथांची खरी गोडी आहे.

हा साज जॉर्जेट हेयर (१९०२–१९७४) यांनी रूढ केला. त्यांच्या बहुतेक गाजलेल्या प्रेमकथा व्हिक्टोरियाच्या आधीच्या रीजन्सी काळातल्या आहेत. पुढच्या लेखिकांनी तो राणीच्या कारकिर्दीवर (१८३७–१९०१) चढवला. आगगाडी आणि कारखानदारी यांमुळे तेव्हा नवा पैसा उदयाला आला होता आणि कर्जात बुडालेली सरदार घराणी श्रीमंत सुना शोधत होती. लिसा क्लेपास यांच्या ‘वॉलफ्लॉवर्स’ मालिकेत साबण-कारखानदाराच्या अमेरिकन मुली इंग्लंडमध्ये वर शोधायला येतात, त्या याच पार्श्वभूमीवर.

कथेला गती मिळते ती त्या काळच्या कडक शिष्टाचारातून. कुलीन कुमारिका परपुरुषासोबत एकांतात दिसली, तरी बदनामी ठरलेली. क्लेपास यांच्याच ‘डेव्हिल इन स्प्रिंग’मध्ये (२०१७) पँडोरा मैत्रिणीचे हरवलेले कर्णफूल शोधताना बाकाच्या कोरीव नक्षीत अडकते. तिला सोडवणारा तरुण तिच्याजवळ दिसतो आणि लग्नाचा घाट घातला जातो. पँडोराला मात्र लग्नच नको असते. स्वतः तयार केलेल्या पटावरच्या खेळाचा व्यवसाय नवऱ्याच्या हाती जाईल, अशी तिला धास्ती असते.

ही धास्ती खरी होती. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला. १८७० च्या कायद्याने दिलेले हक्क मर्यादित होते. त्यामुळे नायिकेच्या होकाराला विलक्षण वजन येते. तिला प्रेमाइतकीच विश्वासाचीही पारख करावी लागते. एव्ही डनमोर यांच्या ‘ब्रिंगिंग डाउन द ड्यूक’ची (२०१९) नायिका तर १८७९ मध्ये ऑक्सफर्डला शिकायला जाते आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटते. स्त्रियांसाठीची पहिली महाविद्यालये तिथे त्याच वर्षी सुरू झाली.

या कथांमध्ये भेटतात तितके देखणे, तरुण ड्यूक प्रत्यक्षात कधीच नव्हते. गिरणी कामगारांचे हाल आणि वसाहतींतून येणारी संपत्तीही अनेकदा पडद्याआड राहते. म्हणून त्यांना इतिहासग्रंथ मानू नये. पण सुखान्ताची हमी असल्यामुळे वाचक निर्धास्तपणे हसतो आणि हसता हसता त्या काळच्या स्त्रियांना कशाकशाशी झगडावे लागले, हे त्याला उमगते.