घोडा घेताय? इसार देण्याआधी गाठी तपासा!



माथेरानला पर्यटक फिरवायचे असोत की वरातीला घोडी द्यायची असो, या धंद्यात कमावते ती जनावराची पाठ. म्हणून सारंगखेड्याच्या बाजारात नुसता रंग, उंची आणि चाल बघून इसार देऊ नका. खोगीर उतरवायला लावा आणि अंगभर हात फिरवा. गाठ लागली तर ती कुठे आहे, कशी आहे, त्यावर सौदा ठरवा.

१. पाठीवरची टणक गाठ: वाटाण्यासारखी, न दुखणारी, वरचे केस शाबूत. ही बहुतेक वेळा किडे चावल्याची अ‍ॅलर्जी असते, कॅन्सर नव्हे. पण नेमकी खोगिराखाली असेल तर घासून जखम होते. घोडा उभा राहतो, खाणं मात्र रोजचं चालूच! भाव करताना हे बंद दिवस धरा.

२. चामखिळीसारखी वाढ: हा सारकॉइड असू शकतो. घोड्यांच्या कातडीचा हा सर्वांत जास्त आढळणारा ट्यूमर. तो सहसा शरीरात पसरत नाही, पण अर्धवट कापला तर जोमाने परत येतो. "दोरा बांधला की गळून पडेल" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

३. पांढऱ्या घोड्याच्या शेपटीखालची काळी गाठ: वरातीला पांढऱ्याला मागणी, म्हणून भावही चढा. पण जन्मतः गडद असून वयानुसार पांढरा झालेल्या, काळ्या कातडीच्या घोड्यांत मेलानोमा खूप दिसतो. पंधरा वर्षांवरच्या बहुतेकांना तो होतो. सुरुवातीला वाढ हळू असते, पण पुढे विक्रीची किंमत घसरते. शेपटी उचलून बघाच. गुलाबी कातडीच्या नुकऱ्याची गोष्ट वेगळी.

४. पायावर ओळीने गाठी, फुटून चिकट पू: इथे मागे सरा. हा ग्लँडर्स असू शकतो. तो माणसालाही होतो आणि जीवघेणा ठरू शकतो. रक्ततपासणीत निदान पक्कं झालं की कायद्याने जनावर मारावं लागतं. गाठीला हात लावू नका, लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

नुसत्या हाताने निदान होत नाही. हात फक्त प्रश्न दाखवतो. उत्तर पशुवैद्यकाकडून घ्या, गरज पडली तर गाठीचा तुकडा तपासायला लावा. विकणारा तपासणीला नाही म्हणाला, तर तिथेच सौदा सोडा.

डॉक्टरची फी खर्चात नाही, भांडवलात लिहा!