खेळाची मालकी आणि खेळाची वहिवाट

दिल्लीच्या राजीव चौकाला लागून जमिनीच्या पोटात एक बाजार आहे. वर बाग, खाली दुकानांची वर्तुळे. गेल्या शतकाच्या आठव्या दशकाच्या अखेरीस उभारलेल्या या पालिका बाजारात कपडे, पट्टे आणि घड्याळे यांच्या गर्दीतच व्हिडिओ गेमची दुकाने आहेत. येथे नव्या डिस्कप्रमाणे वापरलेल्या डिस्कही मिळतात आणि गिऱ्हाइकाची जुनी डिस्क परतही घेतली जाते. अर्थात घासाघीस केल्याखेरीज नव्हे. नोएडाचा किंवा गुडगावचा एखादा विद्यार्थी खेळ पुरा झाला म्हणजे डिस्क घेऊन येतो, पदरचे थोडे पैसे घालतो आणि दुसरी डिस्क घेऊन मेट्रोने घरी जातो. अशा रीतीने एकाच डिस्कवर चार-पाच घरांतील मुले खेळून जातात.

आता हाच खेळ घरबसल्या डाउनलोड करून घेता येतो. २००३ साली ‘स्टीम’ ही विक्रीव्यवस्था सुरू झाली, तेव्हापासून संगणकावरील खेळांची दुकाने ओस पडत गेली. पुढे प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांनीही तीच वाट धरली. शंभर गिगाबाइटांचा खेळ सेकंदाला शंभर मेगाबिट वेगाने उतरवावयास सव्वादोन तास पुरतात. तेवढ्या वेळात गुडगावहून पालिका बाजारात जाऊन परत येणे, तेही घासाघीस करून, कठीणच. सोय कोणत्या बाजूस आहे याविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो पैसे देऊन गिऱ्हाइकाच्या हाती नेमके काय येते, हा.

महसुली दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना मालकी आणि वहिवाट यांतील भेद सांगावयास नको. सातबाऱ्यावर भोगवटादाराचे नाव निराळे, कुळाचे निराळे. जमीन दोघेही कसू शकतील. विकू शकेल तो मालक. डाउनलोड केलेल्या खेळाचे गिऱ्हाईक बहुधा कुळाच्या जागी असते. त्याने ‘विकत घ्या’ असे लिहिलेले बटण दाबलेले असते खरे, परंतु करारनाम्यात त्याला केवळ वापराचा परवाना दिलेला असतो. तो परवाना मित्राला उसना देता येत नाही, विकताही येत नाही. या बटणावरील शब्दाची दखल कॅलिफोर्निया राज्याने घेतली. तेथे २०२४ साली झालेला कायदा १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला; त्यानुसार मिळतो तो परवाना आहे, हे विक्रेत्याने गिऱ्हाइकास स्पष्टपणे सांगावे लागते.

भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा या बाबतीत मोठा बोधक आहे. १९९४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या प्रोग्रॅमची प्रत पूर्वी विकली गेली असली तरी तिच्या विक्रीचा हक्क हक्कधारकाकडेच ठेवला होता. १९९९ च्या दुरुस्तीत ती शब्दयोजना गळली. शिवाय कलम ५२ अन्वये प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास, ती हरवली वा बिघडली तर असावी म्हणून, राखीव प्रत करून ठेवण्याची मुभा आहे. मौज अशी की २०१२ साली आलेल्या ६५-अ कलमाने हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप फोडणे गुन्हा ठरविले. म्हणजे राखीव प्रतीची मुभा आहे, पण कुलूप कंपनीचे आहे!

कंपन्यांचीही एक बाजू आहे आणि ती निखालस खोटी नाही. अमेरिकी व्यापार प्रतिनिधींनी नकली मालासाठी कुख्यात अशा बाजारांची २०२१ सालची जी यादी प्रसिद्ध केली, तीत पालिका बाजाराचे नाव होते. त्याआधीच्या याद्यांत नेहरू प्लेसचेही नाव येऊन गेले. कोऱ्या सीडीवर उतरवलेले खेळ दिल्लीत वर्षानुवर्षे उघड विकले गेले. त्या धंद्यात खेळ रचणाऱ्याच्या पदरात एक पैही पडत नव्हती.

परंतु डिस्क हाती असली म्हणजे मालकी पक्की झाली, असे समजणेही भोळेपणाचे होईल. ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ युबिसॉफ्ट कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणला. तो कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्यावाचून चालतच नसे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी रोख पैसे मोजून डिस्क घेतली होती त्यांच्या कपाटातही नुसते प्लास्टिक उरले. त्याच वर्षी त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली. निन्टेंडोची तऱ्हा थोडी निराळी. थ्री-डी-एस आणि वी-यू या यंत्रांचे ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद झाले. आधी घेतलेले खेळ पुन्हा उतरवून घेण्याची सोय तेव्हा ठेवण्यात आली; परंतु जे खेळ केवळ त्याच दुकानात मिळत, ते नव्याने घेण्याचा सरळ मार्ग उरला नाही. २०२५ साली आलेल्या ‘स्विच २’ यंत्राच्या काही कार्डांत तर खेळच नसतो, असते ती फक्त किल्ली. खेळ डाउनलोडच करावा लागतो.

यात तोशीस कोणाला लागते, तर ज्याचा हात आखडता आहे त्याला. नवी डिस्क महाग वाटणाऱ्या मुलाला जुनी डिस्क परवडते, कारण आधीच्या मालकाला ती विकण्याचा अधिकार असतो. डाउनलोडच्या दुकानात अधूनमधून मोठी सूट मिळते हे खरे. पण ती कधी आणि किती द्यावयाची हे दुकानदारच ठरवितो, आणि त्याच यंत्रापुरते पाहिले तर समोर दुसरे दुकान नसते.

२०२० साली प्लेस्टेशन ५ बाजारात आले तेव्हा त्याची डिस्कविना चालणारी, किंचित स्वस्त आवृत्तीही निघाली. २०२३ च्या अखेरीस आलेल्या नव्या घडणीत डिस्क वाचणारा भाग वेगळा काढता-घालता येतो. ज्याला जुनी डिस्क खेळावयाची आहे त्याने तो भाग विकत घेऊन जोडावा, अशी ही सोय आहे. मात्र जोडल्यावर पहिल्या खेपेस त्या भागाची नोंदणी करावी लागते, आणि ती इंटरनेटवाचून होत नाही.