नोटीस भिंतीवर लागली की

दारावर चिकटवलेली नोटीस रागाच्या भरात फाडू नका, असं मी नवी मुंबईतल्या सानपाड्यात प्रत्येकाला सांगते. पुढची सगळी लढाई त्या एका कागदावर उभी राहणार असते. मी वकिली करते आणि राहतेही इथेच. गावठाणातल्या घरांतून, सेक्टरमधल्या सोसायट्यांतून लोक येतात ते बहुधा मुदत संपायच्या आदल्या रात्री.

कागद हातात आला की मी आधी कलम बघते. आपल्याकडे तोडक कारवाईची नोटीस बहुतेकदा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 260 खाली येते, नाहीतर 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम 53 खाली. 260 मध्ये बांधकाम का पाडू नये याचा खुलासा मागितलेला असतो. 53 ची नोटीस असेल, तर दिलेल्या मुदतीत कलम 44 खाली बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो आणि तो निकाली निघेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. पण लोक ‘आम्ही गरीब आहोत, दया करा’ असं लिहून देतात आणि ही वाट हातची घालवतात.

मग तारीख. 1996 मध्ये थोपटे विरुद्ध पुणे महापालिका या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेली रीत आजही आमच्या कामी येते. उत्तराला 15 दिवस द्यायचे, उत्तर नाकारलं तर थोडक्यात का होईना कारणं द्यायची, आणि आदेशानंतर आणखी 15 दिवस थांबायचं. काम चालू असतानाच सापडलं, तर मात्र पंचनामा करून, फोटो काढून 24 तासांची नोटीस पुरते.

खरी मेख इथेच आहे. जुन्या खोलीला ‘चालू काम’ म्हटलं की पंधरा दिवसांचा एक दिवस होतो. सप्टेंबर 2020 मध्ये पाली हिलला कंगना राणावत यांच्या बंगल्यावर कारवाई झाली ती मुंबईच्या कायद्यातल्या अशाच 24 तासांच्या नोटिशीवर. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. त्यांच्याकडे मोठे वकील होते. आपल्याकडे जुनी वीजबिलं, मालमत्ता कराच्या पावत्या, घरच्या लग्नातले भिंत दिसणारे फोटो असतात. तेच पुरावे. ते उत्तराला जोडा आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या.

सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी ही रीत आणखी घट्ट केली. न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी देशभरासाठी सांगितलं की नोंदणीकृत टपालाने नोटीस द्या, 15 दिवस द्या, प्रत्यक्ष सुनावणी घ्या, आदेशात कारणं लिहा, पाडकामाचं चित्रीकरण करा. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-तलाव यांवरचं अतिक्रमण आणि न्यायालयानेच पाडायला सांगितलेलं बांधकाम यांना हे संरक्षण नाही.

नवी मुंबईतल्याच दिघ्यात असं कोर्टाच्या आदेशाचं पाडकाम झालं. एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनींवरच्या 99 अनधिकृत इमारतींपैकी काहींवर 2015 मध्ये उच्च न्यायालयाच्याच आदेशाने हातोडा पडला. आयुष्याची पुंजी घालून फ्लॅट घेतलेली माणसं रस्त्यावर आली. बिल्डरने विनापरवाना बांधलं, ते विकलं आणि तो निघून गेला. त्या माणसांची आठवण आली की अजून संताप होतो. घर घेताना सीसी (बांधकाम परवानगी) आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) बघा, हे मी म्हणूनच हात जोडून सांगते.

गावठाणाची गोष्ट वेगळी आहे. 1970 नंतर नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी जमिनी गेल्या, कुटुंबं वाढली, गावठाण मात्र तेवढंच राहिलं. मुलाच्या लग्नासाठी चढवलेली खोली आणि विकायला उभी केलेली सात मजली इमारत एकाच तराजूत तोलणं मला अन्यायाचं वाटतं. पण गरजेपोटी बांधलेली घरं नियमित करू, हे सरकारचं आश्वासन कोर्टात परवानगी म्हणून चालत नाही. हे ऐकल्यावर घरातली म्हातारी माणसं गप्प होतात, तरी सांगावंच लागतं.

या नोटिशींविरुद्ध दिवाणी दाव्याला कायद्यानेच अडसर घातलाय, म्हणून बहुतेकदा राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. तिथे जेवढं बांधकाम विनापरवाना आहे तेवढं सरळ कबूल करा. लपवाछपवी उघड झाली की स्थगिती तर जातेच, वर दंडही बसू शकतो. स्थगिती मिळालीच, तर आदेशाची प्रत लगेच विभाग कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात द्या. आपल्या सानपाड्यासाठी विभाग कार्यालय तुर्भ्याचं.