शिधापत्रिकेवरचे धान्य आणि घरचे ताट

महिन्याचे धान्य गावात येऊन पोहोचले की रास्त भाव दुकानासमोर पिशव्या घेतलेल्या स्त्री-पुरुषांची रांग लागते. यंत्रावर अंगठा उमटतो, पावती निघते आणि धान्य पिशवीत पडते. हे दृश्य आता इतके सवयीचे झाले आहे की त्यामागील हक्काचा विचार क्वचितच होतो. पाच माणसांच्या कुटुंबाला किती धान्य मिळावयास हवे, त्यातून त्याची गरज किती भागते आणि उरलेले ताट कशाने भरावयाचे, या प्रश्नांची उत्तरे ज्यांना ठाऊक असावयास हवीत त्यांत पंचायत सदस्य व शिक्षक यांचा क्रम वरचा आहे.

हक्काचे माप

युद्धकाळात, 1943 साली, मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. त्यानंतर या व्यवस्थेने अनेक स्थित्यंतरे पाहिली. 1997 साली ती गरीब कुटुंबांवर केंद्रित करण्यात आली आणि डिसेंबर 2000 मध्ये अतिगरिबांसाठी अंत्योदय अन्न योजना सुरू झाली. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने या सवलतीला हक्काचे रूप दिले. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी फेब्रुवारी 2014 पासून झाली.

या कायद्यानुसार अंत्योदय कुटुंबास दरमहा 35 किलो, तर प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा 5 किलो धान्य देय आहे. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये व भरडधान्य एक रुपया किलो असे दर आरंभी ठरले होते. जानेवारी 2023 पासून हे धान्य विनामूल्य करण्यात आले आणि जानेवारी 2024 पासून पुढील पाच वर्षांसाठी ही तरतूद वाढविण्यात आली.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. केशरी शिधापत्रिका असलेले प्रत्येक कुटुंब प्राधान्य यादीत असतेच असे नाही. पत्रिकेच्या रंगापेक्षा यादीतील नाव महत्त्वाचे असते, आणि प्राधान्य कुटुंबात धान्य माणशी मिळत असल्याने प्रत्येक नावाला किंमत आहे. सासरी आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी होऊन सासरच्या पत्रिकेत चढले नाही, किंवा नवजात बालकाची नोंद लांबणीवर पडली, तर त्या एका नावामागे वर्षाकाठी 60 किलो धान्य घरात येत नाही.

धान्य पुरते, ताट पुरत नाही

माणशी 5 किलो म्हणजे दिवसाला सुमारे 166 ग्रॅम धान्य. दोन हजार उष्मांकांच्या समतोल आहारात साधारणतः अडीचशे ग्रॅमच्या आसपास तृणधान्य अपेक्षित असते. म्हणजे तृणधान्याच्या गरजेचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग या धान्यातून भागतो. कष्टकऱ्याची भूक अर्थातच याहून मोठी असते.

तथापि, केवळ पोट भरणे म्हणजे पोषण नव्हे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती, तर निम्म्याहून अधिक स्त्रियांत पांडुरोग आढळला. डाळ, भाजी, तेल व दूध यांचा भार कुटुंबाच्या मिळकतीवरच पडतो. म्हणून धान्यावर वाचलेला पैसा कोठे वळतो, हा कळीचा मुद्दा ठरतो.

तो पैसा प्रथम डाळीकडे वळावा, असे आहारशास्त्र सांगते. गहू-तांदळाच्या प्रथिनांत जो घटक अपुरा असतो तो डाळीत असतो आणि डाळीत जो कमी पडतो तो धान्यात असतो. वरण-भात किंवा भाकरी-पिठले या जोडीमागे हेच शास्त्र आहे. मटकी, हुलगा, चवळी ही कडधान्ये मोड आणून खाल्ल्यास अधिक गुणकारी होतात. शेवग्याचा पाला, अंबाडी, माठ या भाज्या बांधावर वा परसात वाढू शकतात. पालेभाजीवर लिंबू पिळले तर तिच्यातील लोह शरीरास अधिक लागू पडते. उलट जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास लोहाचे शोषण घटते.

2021 साली जाहीर झालेल्या कार्यक्रमानुसार शिधावाटपातील तांदळात लोह, फॉलिक आम्ल व ब-12 जीवनसत्त्व असलेले दाणे शंभरास एक या प्रमाणात मिसळण्यात आले. ते वेगळे दिसल्यामुळे अनेक ठिकाणी 'प्लास्टिकचा तांदूळ' अशी अफवा उठली आणि गृहिणींनी ते वेचून टाकले. वस्तुतः ते तांदळाच्याच पिठापासून बनविलेले असतात. योग्य माहिती वेळेवर न पोहोचल्यास पोषणाचे दाणेही उकिरड्यावर जातात, हा यातील धडा होय.

अंगणवाडी आणि शाळा

शिधापत्रिकेखेरीज आणखी दोन दारांनी अन्न कुटुंबापर्यंत पोहोचते. 1975 च्या गांधी जयंतीस सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतून सहा महिने ते सहा वर्षे वयाची बालके, गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांना पूरक आहार मिळतो. आदिवासी भागात 2015 पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेद्वारे मातांना एक वेळचे गरम चौरस जेवण व बालकांना अंडी अथवा केळी देण्यात येऊ लागली. शाळेत पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज 100 ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलास 150 ग्रॅम धान्याचे प्रमाण ठरले आहे. डाळ, भाजी व तेल यांचेही माप निश्चित आहे. हा आहार घरच्या जेवणाला पूरक असून त्याचा पर्याय नव्हे, हे पालकांना सांगितले पाहिजे.

गाव सुटले तरी हक्क सुटत नाही

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. पूर्वी गाव सुटले की दुकानही सुटत असे. पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाने सहा महिने धान्य उचलले नाही तर दीड क्विंटल धान्याला ते मुकते, आणि तेवढेच धान्य परमुलखात बाजारभावाने विकत घेते.

'एक देश, एक शिधापत्रिका' या व्यवस्थेने ही अडचण दूर होऊ शकते. ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्र व गुजरात आणि आंध्र प्रदेश व तेलंगणा या जोड्यांपासून तिचा आरंभ झाला आणि जून 2022 पर्यंत ती देशभर लागू झाली. आधार जोडणी पूर्ण असल्यास अन्य तालुक्यातील वा राज्यातील रास्त भाव दुकानातून धान्य घेता येते. कामावर गेलेल्यांनी काही भाग तेथे घ्यावा व गावी राहिलेल्या वृद्धांनी उरलेला भाग येथे घ्यावा, अशीही सोय आहे.

गावाचे दायित्व

कायद्याने अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीला शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख मानले आहे. देय धान्य न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद आहे, तसेच तक्रार निवारणासाठी जिल्हा पातळीवर अधिकारी व राज्य पातळीवर अन्न आयोग आहे. परंतु या तरतुदींचे बळ गावाच्या जागरूकतेवर अवलंबून असते. लाभार्थी यादीचे चावडी वाचन हा निव्वळ उपचार न राहता गळालेली नावे शोधण्याचा प्रसंग ठरावा. दक्षता समितीने पावती व प्रत्यक्ष माप यांचा मेळ पाहावा. कोणते मूल दिवाळीनंतर वर्गात दिसणार नाही, हे शिक्षकास आधी कळते. तेव्हाच त्या कुटुंबाची आधार जोडणी तपासली जावी आणि अंगणवाडी सेविकेने त्या घरातील गरोदर स्त्रीची व बालकाची नोंद नव्या ठिकाणी होईल असे पाहावे.

धान्य गोदामातून दुकानापर्यंत आणण्याचे काम यंत्रणा करते. दुकानापासून ताटापर्यंतचा उरलेला मार्ग मात्र गावालाच आखावा लागेल.