हवेतील अभिसरण : प्रयोग आणि परिभाषा

उष्णता एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी तीन प्रकारे जाते. मराठी शालेय ग्रंथांत त्यांना वहन, अभिसरण व प्रारण या संज्ञा रूढ आहेत. पैकी हवेतील अभिसरणाचा प्रयोग सोपा आहे. परंतु ज्या वाक्याने आपण त्याचे वर्णन करतो, ते विद्यार्थ्याच्या मनात अर्धेच सत्य उतरविते. म्हणून येथे प्रयोग व वाक्य यांचा एकत्र विचार करावयाचा आहे.

एका लाकडी खोक्याच्या पुढील बाजूस काच बसवावी. वरील फळीस दोन भोके पाडून त्यांवर कंदिलाच्या दोन काचा उभ्या कराव्यात व सर्व फटी कणकेने बुजवाव्यात. एका काचेखाली मेणबत्ती पेटवून ठेवावी आणि दुसरीच्या तोंडाशी जळती उदबत्ती धरावी. एरवी वर जाणारा धूर येथे खाली उतरतो, खोक्यातून आडवा सरकतो आणि ज्योतीवरून वर निघून जातो. आता दुसऱ्या काचेचे तोंड झाकावे. धुराची वाट बंद होते, ज्योत मंदावते आणि बहुधा विझते.

या प्रयोगाचे नेहमीचे स्पष्टीकरण असे : ‘गरम हवा हलकी होऊन वर जाते.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु ‘जाते’ या अकर्मक क्रियापदामुळे गरम हवा हीच कर्त्री ठरते व वर जाणे हा जणू तिचा स्वभाव भासतो. ‘ज्योत धूर ओढून घेते’ हे विद्यार्थ्यांचे वाक्यही असेच फसवे आहे. वस्तुतः ओढणारे कोणी नाही. स्थिर दाबाखाली हवा 27 अंश सेल्सिअसपासून 57 अंशांपर्यंत तापली, तर तिची घनता सुमारे 9 टक्क्यांनी घटते. भोवतालची थंड हवा तुलनेने जड असल्याने गुरुत्वाकर्षणामुळे खाली येते व हलक्या हवेस वर लोटते. हे गुरुत्वाचे कार्य होय, याचा पुरावा अंतराळयानात मिळतो. तेथील सूक्ष्मगुरुत्वात गरम हवा ‘वर’ जात नाही आणि मेणबत्तीची ज्योत निमुळती न राहता गोलाकार होते.

आता संज्ञेकडे वळू. इंग्रजी ‘कन्व्हेक्शन’ हा शब्द उष्णतेच्या संदर्भात विल्यम प्राउट याने 1834 मध्ये योजिला. त्याच्या मुळाशी ‘वाहून नेणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे व तो संस्कृत ‘वह्’ या धातूचा सगोत्र होय. हिंदीतील ‘संवहन’ ही संज्ञा त्याच अर्थाला धरून आहे; तिचा भर वाहून नेण्यावर आहे. मराठीतील ‘अभिसरण’ हा शब्द ‘सृ’ म्हणजे जाणे, सरणे या धातूपासून आला. ‘रक्ताभिसरण’ या सामासिक शब्दाच्या सान्निध्यामुळे त्यास निघाल्या ठिकाणी परत येणाऱ्या फेऱ्याची अर्थच्छटा लाभली आहे. म्हणजे जे अर्धे सत्य आपल्या वाक्यातून निसटते, ते आपल्या संज्ञेत सुरक्षित आहे. मात्र संज्ञा पाठ करून घेऊन तिचा अर्थ उलगडला नाही, तर हा लाभ व्यर्थ जातो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील (2024 पूर्वीचे नाव अहमदनगर) विद्यार्थ्यास हाच प्रयोग उघड्या रानात दिसतो. पारनेर वा कर्जतकडील नांगरून पडलेली जमीन वैशाखात तापते आणि वावटळ ‘उठते’. आपले क्रियापद येथेही वरचीच दिशा सांगते. परंतु वावटळीच्या पायथ्याशी पाहावे : पाचोळा व धूळ चोहोबाजूंनी जमिनीलगत आत येत असतात. खोक्यातील धुराचा आडवा प्रवास तो हाच.

तेव्हा शिक्षकाने धूर दाखविल्यानंतर प्रथम विचारावे, ‘वर गेलेल्या हवेची जागा कोणी घेतली?’ उत्तर मिळाल्यावरच वाक्य लिहून द्यावे : ‘भोवतालची थंड, जड हवा खाली येते व तापलेल्या, हलक्या हवेस वर लोटते.’ या वाक्यातील कर्ता बदलला आहे. आणि विज्ञानाच्या अध्यापनात कर्ता बदलणे म्हणजे पुष्कळदा कारण बदलणे होय.