मळणी यंत्राचा पट्टा किती ताणावा?



गहू खळ्यावर येऊन पडलाय, आभाळ भरून आलंय आणि नेमका त्याच वेळी मळणी यंत्राचा ड्रम मंद पडला, की आपण एकच इलाज करतो. इंजिन मागं सरकवून पट्टा करकचून ताणतो. यंत्र चालतंही. पण पुढं बेअरिंग खडखडू लागतं आणि ऐन सुगीत तालुक्याला खेप पडते.

पट्टा जितका घट्ट तितका जोर जास्त, हा समज बरोबर नाही. जोर इंजिनाचा, पट्टा तो फक्त पोहोचवतो. पूर्ण भारावर घसरणार नाही एवढाच ताण पुरे. त्याहून जास्त झाला की तो शाफ्टवर आणि बेअरिंगवर पडतो, पट्ट्याचं आयुष्यही कमी होतं. सैल राहिला तर पट्टा घसरतो, तापतो, पेंढी घालताच किंचाळतो आणि दाणे भुसात जातात.

व्ही-पट्टा पुलीच्या तिरप्या भिंतींत पाचरीसारखा बसतो. त्याची सगळी पकड दोन्ही अंगांना असते. तो खाचेच्या तळाला टेकत असेल, तळ चकाकत असेल, तर पट्टा किंवा पुली झिजली म्हणून समजा. मग कितीही ताणा, तो घसरणारच.

ताण पाहताना इंजिन पूर्ण बंद हवं. आधी दोन्ही पुल्यांच्या तोंडाला सुतळी ताणून धरा आणि पुल्या एका ओळीत आहेत ना, ते पाहा. मग दोन पुल्यांच्या मधोमध पट्टा दाबा. मोकळी लांबी १ मीटर असेल तर पट्टा सुमारे १६ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या रुंदीइतका, खाली जावा. दीड मीटरला २४ मिलिमीटर. दाबायचा जोर पट्ट्याच्या जाडीप्रमाणे बदलतो. तो यंत्राच्या पुस्तिकेत पाहावा आणि स्प्रिंगच्या काट्यानं मोजावा. काटा नसला तर अंगठ्यानं अंदाज घ्या. मात्र जाड पट्ट्याला हा अंदाज कच्चाच. ट्रॅक्टरच्या पंख्याच्या पट्ट्याला मात्र त्याच्या पुस्तिकेतलाच आकडा धरावा.

नवा पट्टा सुरुवातीला बसतो, थोडा सैल होतो. म्हणून पहिल्या अर्ध्या तासानं आणि पुन्हा दिवस संपताना तपासा. तीन पट्टे असतील तर तिन्ही एकदम बदला. एकच नवा घातला तर सगळा भार तोच ओढतो. पट्टा चढवताना इंजिन पुढं घ्या, पेचकसानं उचकटू नका. आतले दोरे तुटतात आणि वरून काही दिसत नाही. घसरतो म्हणून राळ, डांबर किंवा तेल लावणारेही आहेत. त्यानं ताण सुधारत नाही, रबर मात्र खराब होतं.

काम झाल्यावर यंत्र थांबवून हात लावून पाहा. पुली चटका देत असेल तर पट्टा घसरतोय. बेअरिंग तापलं असेल आणि ग्रीस पुरेसं असेल, तर ताण जास्त झालाय.

पट्ट्यावरची जाळी परत बसवल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. धोतराचा सोगा, पदर, गळ्यातला मफलर ओढला जायला क्षणही पुरत नाही.

हंगाम संपला की पट्टा सैल करून काढा आणि उंदीर, ऊन व तेलापासून लांब, खुंटीवर मोठा वळसा देऊन टांगा.